हॅश जुळला, पुढे काय?

२७ सप्टेंबर २०१४ हा जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता, आणि मुदत दुपारी तीनपर्यंतची. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात व्हिडिओ कॅमेरे चालू होते. पुढे अर्जुन खोतकर ती निवडणूक २९६ मतांनी जिंकले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. खोतकरांचे अर्ज तीन वाजून गेल्यावर दाखल झाले आणि ते या चित्रीकरणातच दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चित्रीकरण सरकारी यंत्रणेनेच करवून घेतलेलं होतं आणि त्याच्या तबकड्या न्यायालयाच्या आदेशाने हजर झाल्या होत्या. तरीही वादाचं घोडं अडलं एका कागदावर. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारा दाखला अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिला नव्हता. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतली उत्तरं दाखल्याच्या जागी पुरेशी मानली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल कायम ठेवला, मात्र तत्त्व वेगळं सांगितलं. दाखला सक्तीचाच आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात हजर केलं तर दाखला नको. आणि तो देणाराच आडमुठेपणा करत असेल तर न्यायालयाकडून तो मागवून घ्यावा.

जालन्याचा हा निवाडा आज देशभरच्या सत्र न्यायालयांत उद्धृत होतो. पण तो एका लांबलेल्या गोंधळाचा शेवटचा अंक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हा पुरावा कायद्यात ६५अ आणि ६५ब ही कलमं घातली गेली. ६५ब चा बराचसा मजकूर ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातल्या पाचव्या कलमावरून घेतलेला. ब्रिटनने मात्र ते कलम १९९५ च्या कायद्याने मोडीत काढलं होतं; म्हणजे त्यांनी टाकून दिलेलं आपण पाच वर्षांनी कौतुकाने घरात आणलं. २००५ साली, संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कॉलच्या नोंदी दाखल्याविनाही स्वीकारल्या. २०१४ साली, केरळातल्या एरनाड मतदारसंघाच्या निवडणूक वादात, तेच न्यायालय म्हणालं की दाखल्याविना दुय्यम इलेक्ट्रॉनिक पुरावा चालणार नाही. २०१८ साली दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ती अट सैल केली आणि २०२० साली जालन्याच्या निवाड्याने पुन्हा आवळली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हा दाखला दोन भागांचा झाला. ‘अ’ भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने, हॅश मूल्यासकट.

एवढ्या वर्षांच्या या खटाटोपात प्रश्न एकच होता: इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयाच्या उंबऱ्याच्या आत कशी यावी. प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण डिजिटल नोंद बदलणं सोपं आणि बदल नजरेला न दिसणं त्याहून सोपं. पण संगणकीय गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीचं भवितव्य ठरतं ते उंबऱ्याच्या आत आल्यानंतर. हार्ड डिस्कवर अमुक फाइल आहे, यावर बहुधा वाद नसतोच. ती कुणी ठेवली, कधी, जाणूनबुजून की आपोआप, आणि ती तिथे असल्याचा अर्थ काय, यावर वाद असतो. या प्रश्नांची उत्तरं न्यायाधीशाला स्क्रीनवर दिसत नाहीत; ती तज्ज्ञाच्या तोंडून किंवा अहवालातून येतात. या लेखाचा दावा असा की आपल्या कायद्याने नोंदीचा दाखला तपासण्यात जेवढी शक्ती खर्च केली, तिच्या दशांशही तज्ज्ञाचं अनुमान तपासण्यासाठी केलेली नाही. आणि जगभरच्या खटल्यांत जिथे अन्याय झाला तिथे चूक बहुतेक वेळा नोंदीत नव्हती, अनुमानात होती.

आधी हॅश म्हणजे काय ते पाहू, कारण पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत या शब्दाला मंत्राचं वजन आलं आहे. जप्त केलेल्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घेताना मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाऊ नये म्हणून मध्ये ‘राइट ब्लॉकर’ नावाचं उपकरण लावतात. मग डिस्कवरच्या सगळ्या आकड्यांवर एक गणिती प्रक्रिया चालवून ठरावीक लांबीचा एक आकडा काढतात. मूळ डिस्क आणि प्रत यांचा हा आकडा जुळला तर दोन्हींत तिळभरही फरक नाही. या गणिताच्या एमडी-५ आणि शा-१ या जुन्या पद्धती अनुक्रमे २००४ आणि २०१७ साली संशोधकांनी अशा अर्थाने फोडल्या की दोन वेगळ्या फाइल मुद्दाम घडवून त्यांचा आकडा सारखा आणता येतो. तरीही नव्या साक्ष अधिनियमाच्या छापील नमुन्यात या दोन्ही पद्धतींना चौकट आहेच. व्यवहारात याने लगेच आभाळ कोसळत नाही, कारण आधीच असलेल्या फाइलशी जुळणारी दुसरी बनवणं अजून कुणाला साधलेलं नाही. खरी अडचण निराळी. खतावणीची नक्कल बरहुकूम आहे, एवढ्याने खतावणीतला हिशेब खरा ठरत नाही. आकडा काढला त्या क्षणापासून पुढे काही बदललं नाही, एवढंच हॅश सांगतो. त्याआधी काय घडलं ते त्याला ठाऊक नाही, आणि जे दिसतं त्याचा अर्थही नाही.

अर्थ लावण्याचं काम किती निसरडं आहे हे तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही. विंडोज प्रत्येक फाइलला तयार झाल्याची, बदलल्याची, वाचल्याची वेळ लावतं. पण ती वेळ संगणकाच्या घड्याळाची. घड्याळ चुकीचं असेल किंवा कुणी मागे केलेलं असेल तर ती चूक सगळ्या नोंदींत उतरते. फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे उतरवली तर ‘तयार झाल्याची’ वेळ नवी लागते आणि ‘बदलल्याची’ जुनी राहते. मग फाइल जन्मण्याआधीच बदलली गेली असं चमत्कारिक चित्र दिसतं. विंडोज व्हिस्टा आल्यापासून ‘शेवटची वाचल्याची’ वेळ नोंदवणं मुळातच बंद ठेवलेलं होतं, म्हणून त्या रकान्यावर विसंबून काही सांगणाऱ्या अहवालाकडे संशयाने पाहायला हवं. जप्तीच्या वेळी ‘आत काय आहे बघू’ म्हणून हवालदाराने लॅपटॉप नुसता सुरू केला तरी शेकडो फाइलींच्या नोंदी हलतात. नव्या एसएसडी डिस्क तर वीज मिळाली की पुसलेल्या जागा आपल्या आपण साफ करत बसतात, मध्ये राइट ब्लॉकर असला तरी. आणि या सगळ्याच्या वर एक दरी उरतेच. संगणकाला खातं माहीत असतं, त्या क्षणी कळफलकावर बोटं कुणाची होती ते माहीत नसतं. इंटरनेटचा आयपी पत्ता जोडणीपर्यंत नेतो; तिथून माणसापर्यंतचं अंतर इतर पुराव्याने कापावं लागतं. प्रामाणिक तज्ज्ञ हे अंतर अहवालात उघड दाखवतो. घाईतला तज्ज्ञ ते एका वाक्यात ओलांडतो, आणि ते वाक्य दोषारोपपत्रात जाऊन बसतं.

असं एक वाक्य माणसाला कुठे नेतं ते अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या नॉर्विच गावी दिसलं. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या एका शाळेत ज्यूली अमेरो या बदली शिक्षिकेच्या वर्गातल्या संगणकावर अश्लील चित्रांच्या खिडक्या एकामागून एक उघडत गेल्या आणि मुलांनी त्या पाहिल्या. पोलीस खात्याच्या तपासनिसाने एका तयार प्रोग्रॅमने डिस्क चाळली आणि ती संकेतस्थळं मुद्दाम उघडली गेली असं ज्यूरीपुढे सांगितलं. त्या संगणकात उपद्रवी प्रोग्रॅम आहेत का, हे त्याने शोधलंच नव्हतं. संगणक विंडोज ९८ चा, विषाणूरोधक कालबाह्य, शाळेच्या गाळणीचा परवाना संपलेला. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाकडे याचं उत्तर होतं. पण त्याची माहिती आधी दिली नव्हती या कारणाने त्याच्या साक्षीला कात्री लागली. जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने चार आरोपांवर तिला दोषी धरलं. शिक्षा ४० वर्षांपर्यंत होऊ शकली असती. मग संगणक सुरक्षेतल्या काही जाणकारांनी विनामोबदला त्या डिस्कची प्रत तपासली आणि उपद्रवी प्रोग्रॅम त्या घटनेच्या आधीपासून तिथे होता हे दाखवलं. जून २००७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल बाजूला ठेवून नव्या सुनावणीचा आदेश दिला. ती सुनावणी कधीच झाली नाही. २००८ मध्ये एका किरकोळ गुन्ह्याची कबुली, १०० डॉलर दंड आणि शिकवण्याचा परवाना रद्द, एवढ्यावर प्रकरण मिटलं. इथे डिस्क खरी होती, प्रत खरी होती, हॅश काढला असता तर तोही जुळला असता. चुकलं ते एवढंच की प्रोग्रॅमने दाखवलेली यादी आणि माणसाचा हेतू यांच्यामध्ये जे तपासायला हवं होतं ते तपासलं गेलं नाही.

फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथे २०११ साली चाललेल्या केसी अँथनी खटल्यात तर दोन प्रोग्रॅमनी एकाच नोंदीचे दोन अर्थ लावले. दोन वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप तिच्या आईवर होता. घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानाला ८४ वेळा भेट दिली गेली, असं ज्यूरीपुढे आलं. एकदा कुतूहलाने पाहिलेलं पान आणि ८४ वेळा पाहिलेलं पान, यांतला फरक म्हणजे पूर्वनियोजनाच्या आरोपाचा प्राणच. हा आकडा ज्या प्रोग्रॅमने दिला त्याच्या निर्मात्याला साक्ष देऊन झाल्यावर कळलं की फायरफॉक्स ब्राउझरची जुन्या पद्धतीने साठवलेली भेटींची यादी आपला प्रोग्रॅम चुकीची वाचतो आहे. क्लोरोफॉर्मच्या पानाला भेट एकच होती. ८४ भेटी मायस्पेस या गप्पागोष्टींच्या संकेतस्थळाच्या होत्या. तपासयंत्रणेकडे दुसऱ्या एका प्रोग्रॅमचा आधीचा अहवाल होता आणि त्यात ती एक भेट बरोबर आली होती. ज्यूरीने खुनाच्या आरोपातून तिला सोडलं. त्या निकालाबद्दल अमेरिकेत आजही भांडणं होतात, त्यात आपण पडू नये. आपल्या कामाचा मुद्दा असा की तज्ज्ञाचं हत्यारही साक्षीदारच असतं. त्याची आवृत्ती कोणती, ते आधी कुठे तपासलं गेलं, दुसऱ्या हत्याराने तेच उत्तर येतं का, हे विचारायला हवं. आपल्याकडच्या उलटतपासण्यांत वेळ जातो तो सील शाबूत होतं का, पंच हजर होते का, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत तारीख कोणती, या प्रश्नांत. ते प्रश्न हवेतच. पण कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या नोंदीतून हे काढलं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

आणि यंत्र बरोबर चालतं हे गृहीतच धरलं तर काय होतं, याचं मोठ्यात मोठं उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचं. तिथल्या गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत १९९९ पासून होरायझन ही हिशेबाची संगणक प्रणाली आली. चालवणारी कंपनी फुजित्सू. प्रणाली कचेरीच्या हिशेबात तूट दाखवायची आणि खातं कचेरी चालवणाऱ्यांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरायचं. पंधराएक वर्षांत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. याला कायद्याने केलेली मदत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९८४ च्या ब्रिटिश कायद्यात, संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. ही अट जाचक वाटली म्हणून १९९९ च्या कायद्याने ती काढली आणि जुनं गृहीतक परत आलं: उलट पुरावा येईपर्यंत यंत्र बरोबर आहे असं मानायचं. उलट पुरावा आणायचा कुणी? ज्या माणसाच्या हातात ना प्रणालीचा आराखडा, ना तिच्यातल्या ज्ञात चुकांची यादी, त्याने. सरे परगण्यातल्या सीमा मिस्रा २०१० साली गिल्डफर्डच्या न्यायालयात दोषी ठरल्या तेव्हा गर्भवती होत्या. १५ महिन्यांची शिक्षा झाली. प्रणालीबद्दल न्यायालयाला सांगणारा माणूस फुजित्सूचाच अभियंता होता. म्हणजे जिच्या चुकीवर सगळा खटला हेलकावत होता, तिच्या घडणीशी ज्याची नोकरी बांधलेली, तोच तिचा तज्ज्ञ. जुलै २०१३ मध्ये खात्यासाठीच काम करणाऱ्या एका वकिलाने लेखी सल्ल्यात बजावलं की या अभियंत्याला प्रणालीतल्या चुका ठाऊक होत्या, त्या त्याने न्यायालयांना सांगितल्या नाहीत, आणि पुढे त्याच्या साक्षीवर विसंबता येणार नाही. तो कागद अनेक वर्षं आरोपींच्या हाती आलाच नाही. ५५५ जणांनी मिळून लढलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीतले दोष तपशिलाने नोंदवले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, त्यांत सीमा मिस्रांचीही होती. आणि मे २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला वेगळा कायदाच करावा लागला. शिक्षा सरसकट कायद्याने पुसण्याची वेळ न्यायव्यवस्थेवर यावी, ही तिची केवढी हार!

आपल्याकडे दाखल्याची अट आहे, म्हणून होरायझन इथे घडणार नाही, असं कुणी म्हणेल. दाखल्याच्या ‘अ’ भागात यंत्र नीट चालत होतं असं लिहून द्यावं लागतं हे खरं. पण ते लिहून देतो कोण? ज्याच्या ताब्यात यंत्र, तोच. टपाल खात्यालाही असा कागद दिला असता तर त्यांनी तो निर्धास्त मनाने सही करून दिला असता. सही करणारा खोटं बोलत होता असंही कदाचित म्हणता आलं नसतं. त्याला कदाचित खरोखरच तसं वाटलं असतं.

जप्तीच्या आधीच्या काळाचा प्रश्न महाराष्ट्रात, पुण्यात सुरू झालेल्या एका खटल्यात उघडा पडला आहे. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत पुढे आरोपी झालेल्या रोना विल्सन यांच्या घरी झडती घेऊन त्यांचा संगणक जप्त केला. त्यातली पत्रं दोषारोपपत्रात ठळकपणे आली. बचाव पक्षाला मिळालेली डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. तो म्हणतो की जून २०१६ पासून या संगणकात नेटवायर हा दूरून ताबा घेणारा प्रोग्रॅम होता, हल्लेखोराचा वावर २२ महिन्यांहून जास्त होता, आणि तपासलेली दहा पत्रं त्यानेच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. ही पत्रं त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण नाही, आणि काही पत्रं वर्डच्या ज्या आवृत्तीत घडली ती त्या संगणकावर नव्हतीच, असाही त्यात दावा आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हा अहवाल मान्य नाही. खासगी प्रयोगशाळेचं मत पुरावा म्हणून धरू नये असं तिचं म्हणणं. खरं कोण, हे या लेखात ठरवता येणार नाही आणि वर्तमानपत्रांतही ठरू नये. आर्सेनलचं काम बचाव पक्षासाठी झालेलं आहे. तेही उलटतपासणीच्या आगीतून जायला हवं. पण अडचण पाहा: दोन्ही बाजू एकाच डिस्कबद्दल बोलताहेत, म्हणजे हॅश जुळण्या-न जुळण्याने हा वाद सुटणारा नाही. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला तो खटला उभा न राहताच सहा वर्षांहून जास्त काळ कोठडीत गेला म्हणून. तोवर दोन्हींपैकी एकाही तज्ज्ञाला साक्षीच्या पिंजऱ्यात कुणी प्रश्न विचारलेला नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सरकारी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ कुणाच्या बाजूचा नसतो. पैसे घेऊन मत देणाऱ्या खासगी तज्ज्ञांना न्यायालयात मोकळं रान दिलं तर अमेरिकेसारखा तज्ज्ञांचा बाजार भरेल. बाजाराची भीती रास्त आहे. पण निःपक्षपातीपणा हा हुद्द्याबरोबर मिळत नाही, तो पद्धतीत असावा लागतो. हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितलं आहे की तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष देऊन चालत नाही. तो कशावरून काढला ते कसोटीसकट न्यायाधीशापुढे ठेवलं पाहिजे, म्हणजे न्यायाधीशाला आपलं स्वतंत्र मत बनवता येईल. पुण्याचाच आणखी एक दाखला आहे. आभासी चलनाच्या एका मोठ्या फसवणुकीच्या २०१८ मधल्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. तपासात हाती आलेल्या खात्यांतलं चलन वळवल्याचा आणि पोलिसांना दिलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. आरोप सिद्ध व्हायचा तेव्हा होईल. पण तपासयंत्रणेने निवडलेला तज्ज्ञ म्हणून त्याचा शब्द तपासायचा नाही, या सवयीला एवढा धक्का पुरेसा असावा.

आणि ही सवय नुसती मनाची नाही, कायद्यातही आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९ झालं आहे, म्हणतं की ठरावीक सरकारी शास्त्रज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येईल. न्यायालयाला वाटलं तर बोलावता येतं. पण त्या तज्ज्ञाला येणं जमत नसेल तर त्याच्या जागी प्रकरणाची माहिती असलेला दुसरा जबाबदार अधिकारी आला तरी चालतो. रक्तगट किंवा विषाच्या अहवालाच्या काळात ही सोय समजण्यासारखी होती. नळीत आर्सेनिक सापडलं, हे वाक्य बहुतेक वेळा स्वतःपुरतं पुरतं. ‘आरोपीने ही फाइल १२ तारखेला तयार केली’ हे वाक्य तसं नाही. त्यात घड्याळ, खातं, प्रोग्रॅम आणि माणूस अशी चार अनुमानं एकात एक बसवलेली आहेत, आणि ती ज्याने बसवली त्यालाच ती उलगडायला लावली पाहिजेत. दुसरा अधिकारी येऊन अहवाल वाचून दाखवेल. कुठली शक्यता तपासली आणि कुठली सोडली, ते तो कशावरून सांगणार?

दुसरा आक्षेप सरकारी वकिलांचा, आणि तो अनुभवातून आलेला. हे दार उघडलं की प्रत्येक आरोपी ‘मी नाही, व्हायरसने केलं’ म्हणेल. हे घडलेलंही आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदराची संगणक यंत्रणा बंद पाडणारा हल्ला इंग्लंडमधल्या एरन कॅफ्रे या तरुणाच्या संगणकावरून झाल्याचं आढळलं. कुणीतरी ट्रोजन नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम घालून माझा संगणक वापरला आणि तो ट्रोजन नंतर स्वतःला पुसून गेला, असा त्याचा बचाव. सरकारी तज्ज्ञाला ट्रोजनचा मागमूस सापडला नव्हता. तरी ऑक्टोबर २००३ मध्ये लंडनच्या सदर्क न्यायालयातल्या ज्यूरीने त्याला सोडलं. बऱ्याच जाणकारांना तो निकाल चुकीचा वाटला. तसा तो असेलही. पण यावरचा उपाय तज्ज्ञाला प्रश्नांपासून वाचवणं हा नाही. पहिल्याच अहवालात ही शक्यता नावानिशी घेऊन तिची तपासणी कशी केली, मेमरीची प्रत घेतली का, कुठल्या खुणा शोधल्या, कुठल्या सापडल्या नाहीत आणि न सापडण्याला किती अर्थ आहे, हे लिहिलेलं असेल तर नुसत्या ‘व्हायरस असेल’ला धार उरत नाही. नॉर्विचमध्ये हे केलं असतं तर खटला उभाच राहिला नसता. कॅफ्रेच्या खटल्यात ते अधिक भक्कमपणे मांडलं असतं तर तो कदाचित सुटला नसता. कठोर तपासणी दोन्ही बाजूंना कापते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: प्रयोगशाळांत कामाचे ढीग, न्यायालयांत तारखांचे, आणि आता सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणं नव्या संहितेने आवश्यक केलं आहे. माणसं आणायची कुठून? याला सोपं उत्तर नाही, आणि आहे असं भासवण्यात हशील नाही. एवढं म्हणता येईल की सगळ्याच खटल्यांत तज्ज्ञाच्या अनुमानावर डोलारा नसतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये गेले, बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली. ती मुख्यतः बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या साखळीला. बँकेच्या यंत्रणेत शिरलेले मूळ हल्लेखोर त्या पिंजऱ्यात नव्हतेच. पण पिंजऱ्यात होते त्यांच्याविरुद्ध एटीएमच्या नोंदी आणि कॅमेऱ्यांची चित्रं अशा एकमेकांवर न विसंबणाऱ्या गोष्टी होत्या. असे स्वतंत्र धागे जिथे जुळतात तिथे तज्ज्ञाला तासन्‌तास उभं करण्याची गरज कमी. जिथे सगळा आरोप एका डिस्कवरच्या एका फाइलवर टांगलेला आहे, तिथे वेळ नाही ही सबब चालणार नाही. असे खटले संख्येने थोडे असतात आणि त्यांतल्या शिक्षा मोठ्या असतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे आरोपीच्या हाती तीच डिस्क पडणं. मल्याळी अभिनेता दिलीप याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१९ रोजी मेमरी कार्डावरचा मजकूर हा दस्तऐवज आहे आणि त्याची प्रत आरोपीला साधारणपणे मिळाली पाहिजे असं म्हटलं. तिथे मात्र पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असल्याने प्रत न देता, आरोपीला आपल्या तज्ज्ञासह ते पाहू देण्याचा मधला मार्ग काढला. तत्त्व चांगलं आहे, पण प्रत वापरायला जाणकार लागतो आणि जाणकाराला पैसे लागतात. विधी सेवा प्राधिकरणांकडून गरीब आरोपीला वकील मिळतो. डिस्क वाचणारा माणूसही तसाच मिळावा, हे म्हणायची वेळ आली आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे शास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांची एक यादी जिल्हा न्यायालयाने ठेवली तरी सुरुवात होईल.

आणि खर्चाशिवाय होणारी एक गोष्ट आहे. साक्ष अधिनियमाच्या परिशिष्टातला ‘ब’ भागाचा नमुना तज्ज्ञाला यंत्राचा प्रकार, बनावट, मॉडेल, क्रमांक आणि हॅश विचारतो. तो कोणत्या पद्धतीने काढला याला चौकटी आहेत. या भागावर सही करणाऱ्या तज्ज्ञाची पात्रता काय, हे तो विचारत नाही. नोंदी कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीने वाचल्या, दुसऱ्या प्रोग्रॅमने पडताळल्या का, उपद्रवी प्रोग्रॅमचा शोध घेतला का, घड्याळ किती पुढे-मागे होतं, यंत्र जप्तीनंतर आणि प्रतीच्या आधी कुणी सुरू केलं होतं का, यातलं काहीही त्यात नाही. नमुना बदलायला संसद लागेल. पण कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेला किंवा तिच्या कुठल्याही विभागीय शाखेला आपल्या अहवालात हे पाच रकाने वाढवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि ते रिकामे दिसले तर तज्ज्ञाला समक्ष बोलवा असा अर्ज करायला बचावाच्या वकिलालाही नाही.